तान्ह्या पोळ्याच्या पडद्यावर काय लावायचं, ते पोरांना ठरवू द्या

प्रति,
अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व सदस्य,
तान्हा पोळा उत्सव मंडळ, आपलं गाव,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

जय गुरुदेव.

मारुतीच्या पाराजवळ तुम्ही फलक लावला आहे, ‘यंदा तान्ह्या पोळ्याच्या रात्री कार्टून दाखवण्यात येणार नाही. मुलांमधील वादामुळे त्याऐवजी साउथचा ॲक्शन पिक्चर दाखवण्यात येईल.’ हे पत्र त्या फलकाबद्दल आहे. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच टाकलं असतं, पण तिथे फक्त ॲडमिनला लिहिता येतं आणि ॲडमिन तुम्हीच. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वाद झाला, हे खरं. माझ्या वाचनालयाच्या ओट्यावरच झाला. आवाज चढले, एकाची चप्पल नालीत गेली, एकीने दप्तर आपटलं. तुम्ही येऊन कान धरले, पोरं पांगली, दुसऱ्या दिवशी फलक लागला. मी आत रजिस्टर लिहीत होते आणि पहिल्यापासून सगळं ऐकत होते. तुम्हीही ऐकलं असतं तर हा निर्णय घेतला नसता, असं मला वाटतं.

अध्यक्षसाहेब, सुरुवात तुमच्याच पुतणीने केली. ‘टॉय स्टोरी’ सगळ्यात भारी, असं तिचं म्हणणं. आठवीतल्या एकाने विचारलं, कायले? ती म्हणाली, “त्याच्यात हिरोच पयले वाईट वागते. नवीन खेळणं आलं म्हणून जळते त्याच्यावर. बाकीच्या पिक्चरमंदी हिरो पयल्यापासूनच चांगला राह्यते, मंग पाहाले काय मजा?” सातवीतली पोरगी आहे ही. आपण मोठी माणसं पिक्चर पाहून आलो की ‘टाइमपास होता’ याच्या पुढे जात नाही.

मग मी बाहेर येऊन त्यांना सांगितलं की हा पिक्चर 1995 चा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कॉम्प्युटरवर तयार झालेला जगातला पहिला मोठा चित्रपट हाच. खेळण्यांचीच गोष्ट घेतली त्यालाही कारण होतं. त्या काळच्या कॉम्प्युटरला प्लास्टिकचा गुळगुळीतपणा नीट जमायचा, कातडी आणि केस जमायचे नाहीत. तुमची पुतणी लगेच म्हणाली, “म्हणूनच त्याच्यातला कुत्रा तसा दिसते!” अगदी बरोबर पकडलं तिने. त्यातला शेजारच्या पोराचा कुत्रा आणि स्वतः माणसं आज पाहिली तर मेणाची वाटतात. तिथून गाडी केसांवर गेली. ‘मॉन्स्टर्स इंक’मधल्या त्या निळ्या राक्षसाच्या अंगावर 23 लाखांहून जास्त केस आहेत, आणि तो पिक्चर 2001 चा. म्हणजे सहा वर्षांत प्लास्टिकवरून केसांपर्यंत. 2003 मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला तेव्हा अख्खा समुद्र उभा केला होता. पोरं आता पिक्चर पाहताना केस आणि पाणी पाहतात. एक जण म्हणाला, मी घरी जाऊन पॉज करून पाहीन. चप्पल नालीत जायला अजून वेळ होता.

भांडण खरं पेटलं ते सिंहावरून. 2019 चा ‘द लायन किंग’ आपल्याकडे हिंदीत आला, त्यात सिंहाच्या राजाला शाहरुख खानचा आवाज आणि त्याच्या पिल्लाला आर्यनचा. बापलेकाची हीच जोडी 2004 मध्ये ‘हम हैं लाजवाब’मध्येही होती, तेव्हा आर्यन लहान होता. एका पोराचं म्हणणं, यातले सिंह खरे आहेत, शिकवलेले. दुसऱ्याचं म्हणणं, एकही खरा नाही. दोघांचे बाप शेजारी-शेजारी कापूस पेरतात आणि धुऱ्याच्या वादामुळे एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढला. दुसरा बरोबर होता. त्या पिक्चरमध्ये खऱ्या कॅमेऱ्याने घेतलेलं दृश्य एकच आहे, सुरुवातीच्या सूर्योदयाचं, असं त्याच्या दिग्दर्शकानेच सांगितलं आहे. बाकी सगळं कॉम्प्युटरचं. पण पहिलाही चूक कसा म्हणावा? फसावं म्हणूनच तर ते तसं बनवलं.

यावर पाचवीतली एक बारकी पोरगी बोलली. एरवी ती बोलत नाही. तिने 1994 चा जुना, हाताने काढलेला ‘लायन किंग’ मोबाइलवर पाहिलाय. ती म्हणाली, “जुन्यातला सिंह रडते तं समजते. नवीन सिंहाचं तोंड रडाले येतच नाई.” शहरातले समीक्षक नेमकं हेच लिहीत होते, पानंच्या पानं भरून. खऱ्यासारखं करायच्या नादात चेहऱ्यावरचे भाव गेले. मला तो नवीन पिक्चर कधीच आवडला नाही आणि का आवडला नाही ते मला या पोरीने सांगितलं. नेमकं त्याच वेळी चप्पल उडाली आणि तुम्ही आलात.

आता तुम्ही म्हणाल, काकू, पोरांचं कौतुक राहू द्या, पडदा एकच आहे आणि पिक्चर दहा. मान्य. पण ॲक्शन पिक्चर लावून त्यातून सुटका कशी होणार, ते मला कळत नाही. तान्ह्या पोळ्याचा दिवस कोणाचा? सकाळपासून पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरतात, बोजाऱ्याचे पैसे गोळा करतात, संध्याकाळी पाराजवळ रांग लागते, बक्षिसं होतात. त्यानंतर तीन तासांचा मारधाडीचा पिक्चर लावला की बायका अर्ध्या तासात उठतात, लहान पोरं सतरंजीवर झोपतात आणि शेवटी उरतात ते मंडळाचे पंधरा-वीस जण. मागे एकदा असंच झालं होतं, तुम्हाला आठवत असेल. ‘टॉय स्टोरी’ 81 मिनिटांचा आहे. साडेआठला लावला तर दहाच्या आत पोरं घरी.

आणि या दिवसाला तो जुळतोही. तुमच्या पुतणीचा नंदी लहानपणी तुम्हीच ओढलेला आहे ना? मी पाहिलाय. एक शिंग मोडलेलं, ते खिळा ठोकून बसवलंय, पाठीवर जुन्या ऑइलपेंटचे तीन थर, चाकं नंतर बदललेली. वर्षभर माळ्यावर पडून असतो आणि एका दिवसासाठी खाली येतो. ‘टॉय स्टोरी’च्या तिसऱ्या भागात, 2010 मध्ये, तो पोरगा मोठा होऊन कॉलेजला निघतो आणि आपली खेळणी एका लहान मुलीच्या हाती देऊन जातो. हे आपल्या गावाला समजावून सांगायची गरज नाही.

या मालिकेतल्या दुसऱ्या भागाची एक गोष्ट मी बायकांच्या बचतगटात सांगितली होती, ती इथेही सांगते. 1998 मध्ये तो तयार होत असताना कोणीतरी कॉम्प्युटरवर चुकीची आज्ञा दिली आणि पिक्चरचा बराचसा भाग पुसला गेला. बॅकअप घेतलेला होता तो नीट चालत नव्हता. वाचवलं कोणी? तिथल्या एका तंत्रज्ञ बाईने. तिचं बाळ तान्हं होतं म्हणून ती घरून काम करायची आणि तिच्या घरच्या मशीनवर एक प्रत होती. ते मशीन गाडीत जपून, अलगद ऑफिसला नेलं. पुढे त्या पिक्चरची गोष्ट तरीही बरीचशी नव्याने बांधली, ते वेगळं. गटातल्या बायका हसल्या आणि एक म्हणाली, “घरी बसून काय करते म्हणणाऱ्याले हे सांगजा.” सांगितलं.

आठवीतल्या पोरांचा गट ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’चा आहे, 2010 वाला. उडतानाची दृश्यं त्यांना आवडतात, पण त्यांचा खरा मुद्दा शेवटाचा आहे. त्या पोराचा एक पाय जातो आणि तो उठून चालायला लागतो. त्यावर रडारड नाही, भाषण नाही. ‘निमो’मध्येही त्या माशाचा एक पर लहान असतो. आपल्या गावात थ्रेशरमध्ये हात गेलेली माणसं आहेत, त्यांची पोरं याच ओट्यावर बसतात. ती हे का पाहतात, ते मी विचारलं नाही.

मोठ्यांची मतंही घेतली मी. टेलरकाकांना ‘अप’ हवा. 2009 चा हा पिक्चर, कान महोत्सवाची सुरुवात ज्याने झाली असा पहिला ॲनिमेशनपट. त्यात सुरुवातीची काही मिनिटं एका नवरा-बायकोचा अख्खा संसार एका शब्दाशिवाय दाखवलाय. काका म्हणतात, तेवढंच दाखवा आणि बंद करा, पुढचं फुग्याचं राहू द्या. हे मला पटत नाही, पण काकूंना जाऊन फार दिवस झालेले नाहीत, म्हणून मी वाद घातला नाही. ‘कोको’ही काही जणींनी सुचवला. मेलेल्या माणसाची आठवण काढणारं कोणी उरलं नाही की तो वरच्या जगातूनही पुसला जातो, अशी त्यात कल्पना आहे. मेक्सिकोचा सण, पण आखितीला घागर भरणाऱ्या बायकांना दोन मिनिटांत कळला. चांगला पिक्चर आहे. लांबीला जास्त आहे आणि दुसऱ्या भाषेत पाहिला की त्यातली गाणी थोडी सांडतात.

तुमच्यातल्या काहींना ‘महावतार नरसिंह’ लावायचा होता, हेही कानावर आलं. 2025 मध्ये तो चालला, भरपूर चालला, आणि आपल्या देशात बनलेला ॲनिमेशनपट एवढी गर्दी खेचतो याचा मलाही आनंद झाला. पण शेवट भयंकर आहे. मोठ्यांसाठी ठीक. तीन-चार वर्षांची पोरं अंधारात पहिल्या रांगेत बसलेली असताना मी तो लावणार नाही. नवरात्रात लावा, मी वर्गणी देते.

आता माझं मत. मला ते मांडायचा हक्क आहे, कारण सतरंज्या वाचनालयाच्या आहेत.

आपल्या अडचणी दोन. एक म्हणजे भाषा. आपल्यापर्यंत हे पिक्चर हिंदीत किंवा इंग्रजीत पोहोचतात. पोरांना हिंदी येतं, आपल्याकडे सगळ्यांनाच बऱ्यापैकी समजतं, पण पिक्चरमधलं भराभर बोललेलं, वर विनोदाचं हिंदी म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यावरून जातं. मग त्या नातवाला विचारतात, नातू सांगतो, मागचा ओरडतो. दुसरी अडचण आवाजाची. सभामंडपाला टिनाचं छत, पावसाचा एक सडाका आला की भोंगा लावूनही एक शब्द ऐकू येत नाही. पोळा पावसाळ्यातच येतो.

तेव्हा ज्यात बोलणंच कमी आहे असा पिक्चर शोधा. ‘वॉल-ई’ हा त्यातला नावाजलेला. 2008 चा. कचऱ्याने भरलेल्या, माणसं सोडून गेलेल्या पृथ्वीवर कचरा दाबून विटा करणारं एक यंत्र. पहिला बराच वेळ कोणी बोलतच नाही, नुसते आवाज आहेत, आणि ते आवाज करणारा माणूस तोच, ज्याने ‘स्टार वॉर्स’मधल्या छोट्या यंत्रमानवाचे आवाज केले होते. पुढे माणसं येतात ती जहाजात खुर्चीवर लोळत, डोळ्यांसमोर पडदा लावून. मंडळाच्या सदस्यांनी हा भाग जरूर पाहावा, मोबाइल खिशात ठेवून.

पण माझं पहिलं मत ‘फ्लो’ला. 2024 चा. लाटव्हिया नावाच्या देशात बनला. त्या देशाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत. आपल्या यवतमाळ जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 27 लाखांच्या वर होती. एवढासा देश, आणि 2025 मध्ये या पिक्चरने ऑस्कर घेतलं, अमेरिकेतल्या मोठमोठ्या स्टुडिओंचे पिक्चर समोर असताना. त्या देशाचं ते पहिलंच ऑस्कर.

त्यात माणूस एकही नाही आणि शब्दही एक नाही. पाणी चढत जातं, एक काळं मांजर पळत सुटतं, एक होडी येते. होडीत हळूहळू एक कुत्रा, माकडासारखा दिसणारा एक लेमूर, एक उंच पायांचा पक्षी आणि कॅपिबारा नावाचा जाडजूड शांत प्राणी गोळा होतात. बस, एवढंच. प्राणी बोलत नाहीत, नाचत नाहीत, विनोद करत नाहीत. मांजर मांजरासारखंच वागतं, आधी सगळ्यांवर फिस्कारतं, मग दमून झोपतं. आवाजही खऱ्या प्राण्यांचे घेतलेत. पण कॅपिबाराचा आवाज पडद्यावर शोभेना म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा दिला. हे सांगितल्यावर पोरं ओट्यावर लोळून हसली. नाल्याचं पाणी अंगणात चढताना ज्यांनी पाहिलंय, त्या आपल्या खालच्या आळीतल्या घरांना त्या मांजराचं काय चाललंय ते एका दृश्यात कळेल. पोरं घाबरतील का, असं एका आईने विचारलं. थोडी घाबरतील. पण मांडीवर बसून.

आणि ज्यावर तो बनला ते ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मंडळाचे बॅनर करणारा जो पोरगा आहे, वाढदिवसाच्या फोटोंना मागून सूर्य लावणारा, त्याच्या कॉम्प्युटरवरही ते उतरवता येतं. त्याने एकदा उघडून पाहावं. डोकं फिरेल आधी, मग हात बसेल.

आता कायद्याचं. घरच्या मोबाइलवर ज्या ॲपचे पैसे भरतो, ते घरात पाहायसाठी असतात. गावासमोर पडदा लावायचा तर ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची परवानगी लागते, आणि ती तुमच्या साउथच्या पिक्चरलाही लागते. पेनड्राइव्हमध्ये आला म्हणून तो आपला होत नाही. परवानगीचा मेल मी लिहून देते, सही अध्यक्षांची.

परवानगी वेळेत आली नाही तरी रात्र कोरडी जाणार नाही. ब्लेंडरवाल्यांनीच बनवलेल्या काही छोट्या फिल्म आहेत, त्या कोणीही, कुठेही, फुकट दाखवाव्यात अशी त्यांनीच मुभा दिली आहे. फक्त त्यांचं नाव घ्यायचं. ‘बिग बक बनी’ हा 2008 चा, साधारण दहा मिनिटांचा. एक लठ्ठ ससा आणि त्याला छळणारे तीन टवाळखोर. शब्द एकही नाही. ओट्यावर लॅपटॉपवर लावला तेव्हा पोरं पुन्हा पुन्हा लावायला सांगत होती. ‘कमिनांडेस’ नावाच्या फिल्म त्याहून छोट्या, त्यातल्या एकीत लामा नावाचा उंटाच्या जातीचा प्राणी आणि कुंपण. आपल्या शेळ्या रोज जे करतात तेच. ‘स्प्रिंग’ दिसायला सुंदर आहे, धनगराची पोरगी आणि तिचा कुत्रा. ‘सिंटेल’ मोठ्या पोरांना चालेल, शेवट दुःखी आहे, त्यावर ती आठवडाभर भांडतील. एक मात्र लावू नका. त्याच लोकांची ‘कॉसमॉस लाँड्रोमॅट’ नावाची फिल्म आहे, कलाकारी उत्तम, पण त्यातली मेंढी जीव द्यायला निघालेली असते आणि ते गमतीच्या अंगाने दाखवलंय. आपल्या जिल्ह्यात नको. कोणत्या घरची माणसं समोर बसलेली असतील ते तुम्हाला माहीत आहे.

निवड कशी करायची, हे पोरांनीच ठरवलंय, मी फक्त कळवते. रविवारी सकाळी वाचनालयात प्रत्येक पिक्चरच्या बाजूने एकाने उभं राहून बोलायचं. आपला पिक्चर चांगला का ते सांगायचं, दुसऱ्याचा वाईट म्हणायचं नाही. मग डब्यात चिठ्ठ्या. पहिलीच्या पोरांना लिहिता येत नाही, त्यांनी चित्र काढायचं. मतमोजणी पाचवीतली ती बारकी पोरगी करणार आहे, कारण ती कोणाच्याच गटात नाही. मंडळाचे दोन सदस्य आले तर बरं होईल, मतही द्या, पण एका माणसाचं एकच. माझा ‘फ्लो’ हरला तरी माझी तक्रार नाही, सतरंज्या मिळतील.

तेवढा फलक उद्या काढा. आणि साउंडवाल्याला आतापासून सांगून ठेवा, डीजेची बेसची पेटी आणायची नाही, दोन साधे स्पीकर पुरतात, आणि लाइन गेली तर जनरेटर शाळेच्या बाजूने ठेवायचा, सभामंडपाच्या बाजूने नाही. मागच्या वेळी त्याचा धूर सगळा बायकांच्या अंगावर आला होता.

आपली,
वाचनालयवाली काकू